अपराध धन्याचा, माथा चाकराचा : ‘केनिलवर्थ’च्या निमित्ताने

राजघराण्यांचा इतिहास आणि कादंबरी यांचे सख्य फार जुने आहे. प्रीती, मत्सर, महत्त्वाकांक्षा आणि भाऊबंदांचे वैर ह्या गोष्टी सामान्य संसारातही असतात. परंतु तेथे त्यांचा आवाज फार तर शेजारच्या घरापर्यंत जातो. त्याच गोष्टी राजवाड्यात शिरल्या म्हणजे त्यांच्या पायी राज्ये उलथतात. ह्यामुळे कथा रचणाऱ्यास राजवाड्याइतके सोयीचे घर दुसरे मिळत नाही. मात्र ह्या सोयीबरोबर एक जबाबदारीही त्याच्यावर येऊन पडते. केवळ कल्पित अशा पात्रावर खुनाचा आरोप केला तर कोणाचे काही बिघडत नाही. पण जो मनुष्य खरोखरीच होऊन गेला, ज्याची कबर आजही दाखविता येते, त्याच्यावर केलेला आरोप कादंबरीइतकाच दीर्घायुषी होतो. त्यास उत्तर देण्यास तो मनुष्य परत येत नाही.

हे सर्व पुन्हा मनात येण्यास कारण, सर वॉल्टर स्कॉटची ‘केनिलवर्थ’ ही कादंबरी बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचावयास घेतली हे होय. १८२१ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी एके काळी आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या घरांत हमखास सापडे. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलू लागले की स्कॉटचे नाव निघावयाचेच, असा एक काळ होता. आज स्कॉट वाचणारे थोडे आहेत. त्याची लांबलचक वर्णने हल्लीच्या वाचकास पेलत नाहीत, हे खरे. तथापि ‘केनिलवर्थ’मध्ये असा एक प्रश्न दडलेला आहे की, तो शिळा होण्यासारखा नाही. सत्ताधीशाच्या हातून पाप घडते तेव्हा त्या पापाचा धनी कोण, हा तो प्रश्न. स्कॉटने त्याचे जे उत्तर दिले आहे ते आम्हांस पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

कथानक थोडक्यात असे. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिचा आवडता सरदार अर्ल ऑफ लेस्टर याने एमी रॉब्सार्ट नावाच्या खेड्यातील सद्‌गृहस्थाच्या मुलीशी चोरून लग्न केले आहे. राणीची कृपा इतकी वाढली आहे की, उद्या तो तिचा पतीही होईल असे लोक बोलतात. लग्न उघड झाले तर सारे वैभव मातीस मिळेल, म्हणून एमीला ऑक्सफर्डजवळच्या कम्नर येथील जुन्या वाड्यात, अँथनी फॉस्टर ह्या कृपण व ढोंगी माणसाच्या पहाऱ्यात लपवून ठेवले आहे. लेस्टरचा विश्वासू चाकर रिचर्ड व्हार्नी हा सर्व कारस्थानांचा सूत्रधार. धनी राजा झाला तर आपण कोठच्या कोठे जाऊ, हा त्याचा हिशेब. त्या हिशेबात एमी ही अडचण आहे. एमीचा पूर्वीचा वाग्दत्त वर ट्रेसिलियन तिला शोधीत येतो. राणीपुढे प्रकरण गेले असता एमी ही आपलीच बायको असे व्हार्नी बेधडक सांगतो, आणि लेस्टर ते ऐकून गप्प बसतो. पुढे केनिलवर्थच्या किल्ल्यात राणीच्या स्वागताचा अपूर्व सोहळा होतो. एमी कम्नरहून निसटून तेथे येते, आणि उद्यानातील गुहेत राणीची व तिची अवचित गाठ पडते. शेवटी, एमी ट्रेसिलियनशी व्यभिचारी आहे असे व्हार्नी लेस्टरला पटवितो. लेस्टर संतापाच्या भरात तिच्या मृत्यूची आज्ञा देतो, आपल्या बोटातील मुद्रा व्हार्नीच्या हवाली करतो, आणि मग कचरून मागाहून एक निरोप्या पाठवितो. त्या निरोप्याला व्हार्नी वाटेतच गोळी घालतो. कम्नरच्या वाड्यात एमीच्या दाराबाहेर एक फसवी फळी सैल करून ठेवलेली असते. अंगणात घोड्यांच्या टापा आणि लेस्टरची ओळखीची शीळ वाजते. पती आला ह्या आनंदाने एमी धावत बाहेर येते आणि खाली कोसळते. ती शीळ व्हार्नीने वाजविलेली असते.

हा शेवट ज्याने एकदा वाचला तो त्यास विसरत नाही. एमीचा प्राण तिच्या दोषामुळे जात नाही, भीतीमुळेही जात नाही. ज्या हाकेला ती सर्वांत अधिक उत्सुक आहे त्या हाकेला ओ देताना जातो. स्कॉटच्या कल्पकतेचा हा कळस म्हटला तरी चालेल.

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. रॉबर्ट डड्ली (हाच पुढे अर्ल ऑफ लेस्टर झाला) व एमी रॉब्सार्ट यांचे लग्न १५५० सालच्या जूनमध्ये झाले. ते चोरून तर नव्हेच, उलट राजा सहावा एडवर्ड त्यास जातीने हजर होता व आपल्या रोजनिशीत त्याने त्याची नोंदही करून ठेवली. १५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर आली आणि डड्ली तिच्या अश्वशाळेचा मुख्य अधिकारी झाला. राणीचे व त्याचे सख्य इतके उघड होते की, स्पेनचा वकील आपल्या धन्यास लिही की डड्लीच्या बायकोच्या स्तनाला व्याधी आहे आणि तिच्या मरणाची राणी वाट पाहत आहे. १५६० च्या सप्टेंबरची ८ तारीख. त्या दिवशी जवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी जत्रा होती. एमीने आग्रहाने चाकरमाणसे जत्रेला धाडली, आणि ती परतली तो बाईसाहेब जिन्याच्या पायथ्याशी मान मोडून मरून पडलेल्या. पंचांनी चौकशी करून अपघाती मृत्यू असा निर्णय दिला. त्या चौकशीचा मूळ कागद २००८ साली इंग्लंडच्या सरकारी दप्तरखान्यात सापडला. त्यात मोडलेल्या मानेखेरीज डोक्यावरील दोन जखमांचाही उल्लेख आहे. स्तनाचा कर्करोग हाडांत उतरून ती ठिसूळ झाली असावीत व त्यामुळे लहानशा पडण्यानेही मान मोडली असावी, असा तर्क १९५६ साली इयन एर्ड ह्या शल्यवैद्याने मांडला. अपघात, आत्महत्या की खून, ह्याचा निकाल आजही लागलेला नाही. एक गोष्ट मात्र निश्चित झाली. हा मृत्यू डड्लीच्या पथ्यावर न पडता उलट त्याच्या मार्गात कायमची धोंड होऊन बसला. कारण ज्याची बायको अशा रीतीने मेली त्याच्याशी लग्न करणे हे राणीला आपल्या हाताने तो संशय पदरी घेण्यासारखे झाले असते.

स्कॉटने ह्या इतिहासात केलेले फेरफार थोडेथोडके नाहीत. केनिलवर्थचा सोहळा १५७५ सालच्या जुलैमधला. म्हणजे कादंबरीतील एमी तेथे येते तेव्हा खऱ्या एमीला जाऊन पंधरा वर्षे होत आली होती. तिचा बाप तर तिच्याही आधी, १५५४ मध्येच वारला होता. ती कधी ‘काउंटेस’ झालीच नाही, कारण डड्लीला अर्लची पदवी १५६४ साली मिळाली. फॉस्टर १५७२ मध्ये निवर्तला. कम्नरच्या चर्चमधील त्याच्या कबरीवर त्याच्या विद्वत्तेची व गुणांची वाखाणणी कोरलेली आहे. ज्या शेक्स्पियरच्या नाटकांची चर्चा दरबारात चाललेली स्कॉट दाखवितो तो त्या साली अकरा वर्षांचा मुलगा होता.

अशा चुका वेचून काढणे ही टीकाकाराची आवडती करमणूक असते. परंतु तीत फारसा अर्थ नाही. स्कॉटला ह्या तारखा ठाऊक नव्हत्या असे नव्हे. त्याला वैभव आणि दुःख एका छताखाली आणावयाचे होते. वरच्या मजल्यावर आतषबाजी चालली आहे, राणी आली म्हणून किल्ल्यातील घड्याळाचे काटेसुद्धा थांबविले आहेत, आणि त्याच किल्ल्याच्या एका बुरुजात घराची खरी धनीण चोरासारखी लपून बसली आहे, हे चित्र उभे करण्यासाठी त्याने पंधरा वर्षांचे अंतर पुसून टाकले. कलेच्या दृष्टीने हा व्यवहार फायद्याचा झाला, व तो आम्ही आनंदाने मान्य करतो.

लग्नाच्या गुप्ततेविषयीही असेच म्हणता येईल. खऱ्या लेस्टरच्या आयुष्यात गुप्त विवाह होता. मात्र तो एमीशी नव्हे, तर १५७८ साली लेटिस नोलिस ह्या विधवा सरदारपत्नीशी केलेला. तो उघडकीस आल्यावर राणीचा संताप अनावर झाला. स्कॉटने दुसऱ्या बायकोचे गुपित पहिल्या बायकोच्या पदरात टाकले, आणि ह्या अदलाबदलीतून त्याला एक मार्मिक सत्य सापडले. ते असे की, राजाच्या कृपेवर जगणाऱ्या मनुष्यास खाजगी आयुष्य राहतच नाही. लेस्टर कम्नरला येतो तेव्हा साध्या झग्याखाली दरबारी पोशाख चढवून येतो, कारण एमीला त्याचे सारे मानचिन्हांकित वैभव एकदा डोळे भरून पाहावयाचे असते. ती एकेका पदकावर बोट ठेवून त्याचा अर्थ विचारते. प्रसंग प्रेमाचा आहे. पण ती ज्या पदकांना हात लावीत आहे तीच तिच्या गळ्याचा फास होणार आहेत, हे वाचकास कळते आणि तिला कळत नाही. स्कॉटची एमी नुसती भोळी नाही, तिलाही मोठेपणाची आवड आहे. पती हवा आणि पतीचे पदही हवे, असे तिचे मन आहे. त्यामुळे ती खरी वाटते.

खऱ्या एमीची दोन पत्रे उरली आहेत. एकात लोकांची देणी भागविण्यासाठी लोकर विकण्याची व्यवस्था आहे. दुसऱ्यात शिंप्याला नव्या झग्याविषयी सूचना आहेत. पतीची वाट पाहता पाहता घरचा जमाखर्च सांभाळणारी ही बाई स्कॉटच्या नायिकेपेक्षा कमी रम्य असेल, पण आमच्या मते ती अधिक ओळखीची आहे.

येथवर आम्ही स्कॉटच्या बाजूने बोललो. आता आमचे गाऱ्हाणे. ते व्हार्नीविषयी आहे.

१५८४ साली लेस्टरच्या शत्रूंनी एक निनावी चोपडे छापून पसरविले. त्यात त्याच्यावर विषप्रयोगापासून खुनापर्यंत यच्चयावत आरोप होते, आणि एमीच्या खुनाचे हत्यार म्हणून व्हर्नी नावाच्या सद्‌गृहस्थाचे नाव होते. हाच मजकूर पुढे एका प्राचीनवस्तुशोधकाच्या ग्रंथातून स्कॉटच्या हाती आला. गंमत अशी की, त्या वैऱ्यांनी चाकराचे नाव घेतले ते धन्याला गुंतविण्यासाठी. स्कॉटने तेच नाव धन्याला सोडविण्यासाठी वापरले. कादंबरीत दुष्टपणाचा प्रत्येक विचार व्हार्नीच्या डोक्यात प्रथम उगवतो. खोटे तो बोलतो, कागाळी तो करतो, निरोप्याला तो मारतो, फळी तो सैल करतो. लेस्टर काय करतो? तो गप्प बसतो, संशय घेतो, आज्ञा देतो आणि पस्तावतो. कथा संपते तेव्हा व्हार्नी कोठडीत विष घेऊन मरतो. फॉस्टर आपल्या सोन्याच्या गुप्त कोठारात अडकून मरतो. ट्रेसिलियन झुरून मरतो. लेस्टर मात्र काही काळ दरबारापासून दूर राहून पुन्हा राणीच्या कृपेस पात्र होतो. त्याचा मृत्यू स्कॉटने एका लोकापवादाच्या आधारे चार शब्दांत उरकला आहे.

कोणी म्हणेल, ह्यात बिघडले काय? इयागोवाचून ऑथेल्लो जसा उभा राहत नाही तसा व्हार्नीवाचून लेस्टर. परंतु हे साम्य वरवरचे आहे. ऑथेल्लो फसतो, पण आपल्या हातांनी मारतो, आणि डोळे उघडल्यावर स्वतःचा न्याय स्वतःच करतो. शेक्स्पियर त्याला इयागोच्या आडोशाला उभा राहू देत नाही. लेस्टरला असा आडोसा स्कॉटने स्वतः बांधून दिला आहे. वाचकाच्या मनात शेवटी जी चीड उरते ती सगळी व्हार्नीवर खर्च होते, आणि ज्याच्या मुद्रेवाचून व्हार्नीला कम्नरचा दरवाजाही उघडला नसता त्याच्या वाट्याला आपली कीव येते. धनी मनाचा मोठा, पण सल्लागार वाईट, ही राजवाड्यातील सर्वांत जुनी सबब आहे. दरबारी भाटाने ती सांगावी ह्यात नवल नाही. कादंबरीकाराचे काम ती सबब तपासून पाहण्याचे. स्कॉटने तीवरच कथानकाची इमारत उभारली.

ह्याच राणीच्या दरबारावर लिहिलेल्या दुसऱ्या एका श्रेष्ठ कृतीशी तुलना केली म्हणजे आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. शिलरचे ‘मारिया स्टुअर्ट’ हे जर्मन नाटक १८०० साली रंगभूमीवर आले. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला एकोणीस वर्षांच्या कैदेनंतर ८ फेब्रुवारी १५८७ रोजी शिरच्छेदाची शिक्षा झाली. शिलरनेही इतिहासाला वाकविले आहे. ज्या दोन राण्या जन्मात कधी भेटल्या नाहीत त्यांना त्याने समोरासमोर आणले, आणि लेस्टरला दोघींचाही प्रियकर केले. पण एक गोष्ट त्याने इतिहासातून जशीच्या तशी उचलली. एलिझाबेथने शिक्षेच्या हुकमावर सही केली आणि तो कागद डेव्हिसन ह्या चिटणीसाच्या हाती दिला. शिक्षा अमलात आल्यावर, हुकूम पाठवावा असे आपण सांगितलेच नव्हते, असे तिने जाहीर केले. डेव्हिसनला कैद व जबर दंड झाला. शिलरने ह्या कागदाच्या देवघेवीवर संबंध प्रवेश रचला आहे. हा हुकूम मी पाठवू की ठेवून देऊ, असे बिचारा चिटणीस काकुळतीला येऊन विचारतो, आणि राणी उत्तर न देता निघून जाते. सत्ता पाप कसे करते हे त्या न दिलेल्या उत्तरात आहे. शेवटी सर्व सल्लागार दूर झालेले, लेस्टर समुद्रापार निघून गेलेला, आणि राणी एकटी उभी, असा पडदा पडतो. जी सबब स्कॉटने स्वीकारली तीच सबब शिलरने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली.

ह्या प्रसंगी मराठी वाचकास शनवारवाडा आठवल्यावाचून राहणार नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशवे, वयाच्या अठराव्या वर्षी, गारद्यांच्या तलवारीखाली, चुलत्याला मिठी मारीत असता मारले गेले. राघोबादादांचे म्हणणे असे की, आपण धरण्याचा हुकूम दिला, मारण्याचा नव्हे. मग त्या चिठ्ठीतील ‘ध’चा ‘मा’ कोणी केला? लोकांनी आनंदीबाईचे नाव घेतले, आणि निर्विवाद असा पुरावा नसताही ते नाव आजतागायत तिला चिकटून आहे. इतके की, ‘ध’चा ‘मा’ ही आपल्या भाषेतील म्हणच होऊन बसली. व्हार्नीची शीळ, डेव्हिसनचा कागद आणि आनंदीबाईचे अक्षर ही तीन निरनिराळी प्रकरणे नव्हेत. हुकूम सोडणारा आणि हुकूम बजावणारा यांच्या मधल्या अंधाऱ्या जागेत कोणातरी दुसऱ्याला उभे करावयाचे, आणि पापाचा बोजा त्याच्या किंवा तिच्या डोक्यावर ठेवावयाचा, असा हा एकच प्रकार आहे. चाकर सापडला तर चाकर, चाकर नसला तर बायको.

आपल्याकडे ह्या प्रकाराला उत्तरही मिळाले आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. परंपरा असे सांगते की, रामशास्त्री प्रभुणे यांना चौकशीत अक्षर बदललेली ती चिठ्ठी सापडली. तरीही त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबांस. अक्षर कोणी बदलले हा प्रश्न त्यांनी गौण मानला. अठरा वर्षांच्या पुतण्याला धरण्यासाठी शस्त्रधारी गारदी वाड्यात घालणारा मनुष्य, पुढे जे घडले त्याला आपण जबाबदार नाही असे म्हणू शकत नाही, हा त्या निकालाचा अर्थ. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ सालच्या ‘भाऊबंदकी’त ह्याच प्रसंगावर नाटक उभारले. त्यांची आनंदीबाई पाहून लेडी मॅक्बेथ आठवते, व तिच्या बाबतीत तेही लोकप्रवादाच्या आहारी गेले असे आम्हांस वाटते. तथापि त्यांच्या रामशास्त्र्यांचा शब्द सुटतो तो थेट गादीवर बसू पाहणाऱ्यावर. ‘केनिलवर्थ’मध्ये उणीव आहे ती ह्या रामशास्त्र्यांची. तेथे दुःख करणारे आहेत, सूड घेऊ पाहणारे आहेत, राणीचा संतापही आहे. परंतु तो संताप फसविल्या गेलेल्या स्त्रीचा आहे, न्यायासनाचा नाही. एमीच्या बाजूने, केवळ न्यायासाठी, लेस्टरला जाब विचारणारा आवाज त्या संबंध किल्ल्यात निघत नाही.

ह्यावरून स्कॉटची योग्यता कमी ठरते असा आमचा आशय नाही. गुहेतील भेटीचा प्रसंग काढा. पतीला वाचविण्यासाठी एमी राणीपुढे स्वतःची साक्ष स्वतःच फिरविते, वेडी ठरविली जाते आणि तरी त्याचे नाव उच्चारीत नाही. राणीही तेथे केवळ क्रूर दिसत नाही. थोड्याच वेळापूर्वी त्याच लेस्टरच्या प्रेमयाचनेला तिने मोठ्या कष्टाने नकार दिलेला आहे. एकाच पुरुषाने दोन स्त्रियांना फसविले आहे, आणि त्या दोघी एकमेकींच्या हातात हात अडकवून त्याच्यासमोर येतात. असा प्रसंग ज्याला सुचला तो मोठा लेखक होय, ह्यात शंका नाही. आमची तक्रार एवढीच की, ज्या सत्याच्या उंबरठ्यावर तो येऊन उभा राहिला होता तेथून, लाडक्या सरदाराच्या भिडेने म्हणा किंवा कथानकाच्या सोयीने म्हणा, तो मागे फिरला.

इतिहासातील लेस्टर १५८८ च्या सप्टेंबरात वारला. मरणापूर्वी थोड्या दिवसांनी आधी त्याने राणीला लिहिलेल्या पत्रावर, हे त्याचे शेवटचे पत्र, असे तिने स्वहस्ते लिहून ठेवले; आणि १६०३ मध्ये ती वारली तेव्हा ते पत्र तिच्या शय्येजवळच्या पेटीत सापडले. ह्या गोष्टीने कोणाचेही मन द्रवेल. परंतु द्रवलेल्या मनाने न्याय करावयास बसू नये. ज्या वाचकांनी ‘केनिलवर्थ’ अद्याप वाचली नसेल त्यांनी ती अवश्य वाचावी. एमीसाठी डोळे ओले होतील ते होऊ द्यावेत. पुस्तक मिटल्यावर मात्र व्हार्नीला शिव्या देऊन मोकळे न होता, ती मुद्रा कोणाच्या बोटातली होती, एवढे एकदा स्वतःशी आठवावे.